कोंबडीवाल्या काकांचा गळा

क्वो सिस्टरचा आवाज मुळातच मोठा. डायलिसिसच्या हॉलमध्ये सगळी मशीनं एकदम गुरगुरत असतात, त्यांच्यावरून बोलायची तिला सवय, त्यामुळे ती कुणाच्या कानात काही सांगायला गेली तरी ते पलीकडच्या भिंतीपर्यंत ऐकू जाई. महिन्याच्या रक्ततपासणीचे आकडे आले की ती खाटांमधून फिरायची आणि ज्याचा फॉस्फरस चढलेला असेल त्याच्या खाटेच्या नंबरापुढे फळ्यावर एक लाल चुंबक चिकटवायची. ल्याओ चिनफाच्या नंबरापुढचं चुंबक काढायची वेळच कधी येत नसे.

"पुन्हा? ल्याओ काका, पुन्हा नऊच्या वर? तुम्ही खाता तरी काय?"

चिनफाच्या डाव्या हातात सुया होत्या. मोकळ्या उजव्या हातानं त्यानं मान खाजवली. "तळलेली कोंबडी, सिस्टर. रात्रीच्या बाजारातली. जीभ ऐकत नाही बघा."

"जीभ ऐकत नाही! आणि परवा नुसतं खोकताना बरगडी मोडली ती?"

"ती कोंबडीची असेल, नीट बघा," शेजारच्या खाटेवरून लाय म्हणाला. हा लाय जन्मभर बस चालवलेला माणूस, दुसऱ्याची फजिती झाली की त्याला तरतरी यायची. सगळा हॉल हसला. चिनफाही हसला. त्याला आता तिथं 'कोंबडीवाले काका' हेच नाव पडलं होतं.

सूलान खाटेच्या पायथ्याशी नवऱ्याचे पाय चेपत उभी होती. ती हसली नाही. चिनफाला खालचे दात जवळजवळ नव्हतेच, तळलेली कोंबडी तो चावणार कशानं हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून तिचा जीव भांड्यात पडला. तिच्या पायाशी कापडी पिशवी होती. पिशवीत थर्मास होता. त्यात 'गोळ्यांपुरतं गरम पाणी' असतं असं तिनं सिस्टरला सांगून ठेवलं होतं, आणि त्यात होतं डुकराच्या हाडांचं सूप.

या सूपाचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. चिनफाची हाडं दुखायला लागली तेव्हाची गोष्ट. आधी टाचा, मग गुडघे, मग कंबर. विजारी लांब व्हायला लागल्या, म्हणजे विजारी होत्या तेवढ्याच, माणूस खाली बसत चालला होता. सूलाननं प्रत्येक विजारीची कड दोनदा दुमडून शिवली. तिच्या माहेरी कुणाचं हाड मोडलं की आई मोठ्या नळ्यांची हाडं आणायची, मूठभर सुकी मासळी टाकायची, चमचाभर व्हिनेगर घालायची, म्हणजे हाड आपला सगळा कस पाण्यात सोडतं, आणि पाणी दुधासारखं पांढरं होईपर्यंत उकळत ठेवायची. सूलानचा भाऊ झाडावरून पडला होता तो असल्याच सूपावर उभा राहिला. चियायी शहराच्या बाजारात पहाटे गेलं तर चांगल्या नळ्या मिळतात. ती जायची.

सिस्टरनं वाटलेला पथ्याचा कागद तिनं वाचला नव्हता असं नाही. हाडांचं सूप नको, असं त्यात स्पष्ट होतं. पण त्या हॉलमध्ये कागदापेक्षा मोठी एक समजूत होती आणि ती जुने पेशंट नव्यांना हळूच देत असत: मशीन चालू असताना पहिल्या तासात जे खाल ते मशीनच धुऊन काढतं. लाय याच हिशेबानं डायलिसिसला येताना आंबा आणायचा. दुसरी एक म्हातारी लोणची आणायची. सूलाननं मनाशी ठरवून टाकलं, सूपातला कस हाडांत जाईल आणि घाण नळीतून जाईल. ही असली सोयीची अक्कल माणसाला लगेच पटते. सुया टोचून झाल्या, सिस्टर पुढच्या खाटेकडे वळली की ती पडदा अर्धा ओढायची आणि थर्मासचं झाकण भरून नवऱ्याच्या ओठाला लावायची.

चिनफा प्यायचा. "कसं झालंय?" असं तिनं विचारलं की "छान," म्हणायचा.

आणि तिला त्या हॉलमध्ये मान किती! तिनं एक दिवस चुकवला नव्हता. भरपावसात रेनकोट घालून, त्याला मागे बसवून, पट्ट्यानं स्वतःच्या कमरेला बांधून ती स्कूटरवरून आणायची. मे महिन्यात मातृदिनाला डायलिसिस सेंटरनं तिच्या ब्लाउजला गुलाबी कार्नेशनचं फूल टोचलं, 'आदर्श पत्नी' म्हणून तिला पुढे उभं केलं आणि क्वो सिस्टरनं स्वतः फोटो काढला. फोटोत सूलानच्या हातात तीच कापडी पिशवी होती.

बरगडी मोडल्यावर मात्र सिस्टरनं त्यांना मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर हुंग यांच्याकडे पाठवलं. हे सर्जन. बारीक, शांत, टेबलावर कोरा कागद ओढून चित्र काढून सांगणारे. त्यांनी गळा काढला आणि त्यात चार ठिपके.

"या चार पॅराथायरॉइड ग्रंथी. असतात तांदळाच्या दाण्याएवढ्या. रक्तात कॅल्शियम किती असावं हे या बघतात. मूत्रपिंड गेलं की फॉस्फरस बाहेर पडत नाही, साठतो. मग या बिचाऱ्या बिथरतात, फुगतात आणि हाडांतून कॅल्शियम ओढून काढायला लागतात. तुमच्या तर लाकडाच्या मण्यांएवढ्या झाल्यात. औषधांना आता दाद देत नाहीत. काढाव्या लागतील."

"चारही?" चिनफानं विचारलं.

"चारही. त्यातल्या एकीचा बारीक तुकडा तुमच्या उजव्या हातात, कातडीखाली लावून ठेवू. सुयांचा हात डावा आहे ना? मग उजव्यात. अगदीच काही नसलं तरी चालत नाही." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मला एक कळत नाही. गोळ्या वेळेवर घेता म्हणता. मग एवढा फॉस्फरस येतो कुठून? दूध? सुकी मासळी? तासन्‌तास उकळलेलं हाडांचं सूप? सूप सगळ्यात वाईट."

सूलानच्या कानात गरम वारं शिरल्यासारखं झालं. "पण मशीन..." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "मशीन चालू असताना काही पोटात गेलं तर मशीन धुऊन काढतं ना, डॉक्टर?"

"सगळे पेशंट असंच समजतात, काकू. मशीन पाणी काढतं, बाकी पुष्कळ काही काढतं. फॉस्फरस फार थोडा निघतो. राहिलेला सगळा आत."

ती तोंड उघडणार होती. उघडलंही होतं. पण तेवढ्यात चिनफा हसून म्हणाला, "कोंबडी, डॉक्टर. तळलेली. सिस्टरला विचारा, सगळ्या सेंटरला ठाऊक आहे."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. सूलाननं तोंड मिटलं. मिटलं ते मिटलंच. खुर्चीवर बसल्या बसल्या तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मेल्यासारखं होणं आणि खरं बोलणं यांत फार अंतर असतं.

घरी येऊन तिनं मोठं पातेलं घासलं. एकदा, पुन्हा एकदा. चिनफा दारात बसून बघत होता.

"भोक पडेल त्याला," तो म्हणाला.

"तू का बोललास तसं? कोंबडी म्हणून?"

"मग काय सांगू?"

"माझं नाव सांगायचं!"

"आणि मग? त्या क्वो बाईनं तुला आठवड्यातून तीनदा फाडून खाल्लं असतं. माझं काय, मला तशाही दोन सुया टोचतातच. तिसरी तिची."

"म्हाताऱ्या, हसण्यावारी नेऊ नकोस. तुझा गळा कापणार आहेत."

"कापून शिवणार आहेत," तो म्हणाला. "आत चल, मला उठव."

ऑपरेशनच्या आधी ती मात्सूच्या देवळात गेली. नवरा वाचू दे हे मागायला गेलीच होती, पण त्याखाली दुसरं एक मागणं होतं. कौल लावायच्या दोन लाकडी चंद्रकोरी हातात धरून तिनं देवीला विचारलं, सिस्टरला खरं सांगून टाकू का? कोरी टाकल्या. दोन्हींच्या सपाट बाजू वर. म्हणजे देवी हसते आहे, उत्तर देत नाही. तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा टाकल्या, देवी पुन्हा हसली. सूलानला तिचा रागच आला. तिनं कोरी जागेवर ठेवल्या आणि उदबत्ती न लावताच निघून आली.

ऑपरेशन चांगलं झालं. चारही ग्रंथी सापडल्या, तुकडा हातात बसला. चिनफाच्या गळ्यावर, कॉलर येते तिथं, आडवी पट्टी होती आणि आवाज घोगरा, अर्धा झाला होता. महिनोन्‌महिने कातडी ओरबाडायला लावणारी त्याची खाज एका दिवसात गेली. सूलान त्याची पाठ बघत बसली, नवे ओरखडे नव्हते. तिला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी त्याचे ओठ झिणझिणायला लागले. मग बोटं आखडली, पक्ष्याच्या पंजासारखी आत वळली आणि उघडेनात. नर्सा धावल्या, कॅल्शियमची बाटली लागली, डॉक्टर हुंग यांची तरुण मदतनीस डॉक्टर फान येऊन उशाशी उभी राहिली. बोटं सैल होईपर्यंत ती हलली नाही.

"घाबरू नका, काकू. याची अपेक्षा असते. हाडं उपाशी आहेत. इतकी वर्षं लुटली गेलीत ना, आता चोर गेले तर मिळेल ते ओढून घेतायत. रक्तातलं कॅल्शियम खाली, फॉस्फरससुद्धा खाली." तिनं गोळ्यांची मूठ वाटीत ओतली. "काही आठवडे पथ्य सैल. दूध, दही, मासे, सगळं द्या. घरी सूप करता का? हाडांचं? तेही आणा. आता त्यांना हवंच आहे ते."

सूलान तिच्या तोंडाकडे बघत राहिली. पोरगी थट्टा करतेय की काय असं तिला वाटलं. पण ती गोड हसून पुढच्या पेशंटकडे गेली.

तिनं सूप केलं. करताना पहिल्यांदाच, व्हिनेगर घालावं की नाही यावर ती कितीतरी वेळ चमचा धरून उभी होती. घातलं. हॉस्पिटलात या वेळी पडदा ओढायची गरज नव्हती, उलट नर्सनं खाट वर करून दिली. सूलाननं झाकण भरून त्याच्या ओठाला लावलं. त्यानं दोन घोट घेतले आणि तोंड बाजूला केलं.

"गरम आहे का?"

"नाही."

"मीठ कमी घातलंय."

"मिठाचं नाही." तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "खरं सांगू? मला हे कधी आवडलंच नाही. तेलकट लागतं. मासळीचा वास येतो."

सूलानच्या हातातलं झाकण हललं आणि थोडं चादरीवर सांडलं. "तीन वर्षं छान म्हणत होतास."

"पहिल्या दिवशी म्हणालो. मग दुसऱ्या दिवशी काय बोलू?"

"आणि तो पथ्याचा कागद?"

"वाचला होता की. मलाही वाचता येतं."

"मग प्यायचास कशाला, मेल्या!" ती इतक्या जोरात म्हणाली की पलीकडच्या खाटेवरची माणसं वळली.

चिनफानं डोळे मिटले. "तू पहाटे उठून हाडं आणायचीस. मला स्कूटरवर बांधून न्यायचीस. मला आंघोळ घालायचीस. मी तुझ्यासाठी काय करत होतो? काहीच नाही. ते झाकण समोर आलं की तेवढं पिऊन टाकायचो. तेवढंच मला जमत होतं."

तिनं चादर पुसली. तिला वाटत आलं होतं की तिनं अडाणीपणानं चूक केली, प्रेमानं केली, आणि प्रेमानं केलेली चूक थोडी तरी हलकी असते. आता तेही राहिलं नाही. तिनं त्याला ते पाजलं होतं आणि त्यानं ते तिला खूश ठेवायला पोटात घातलं होतं. तिच्या खुशीची किंमत त्याच्या हाडांनी दिली होती, बरगडी मोडून, कंबर वाकवून, आणि वर सगळ्या गावासमोर खादाड ठरून. लाजेनं तिला तिथं बसवेना. थर्मास घेऊन ती बाहेर गेली आणि उरलेलं सूप संडासात ओतून आली.

त्याच दिवशी तिनं ठरवलं, आता सांगायचं. देवी हसली तर हसू दे. निदान त्याच्या माथ्यावरची ती कोंबडी तरी उतरली पाहिजे.

दोघं सेंटरवर परत गेली तेव्हा हॉलनं टाळ्या वाजवल्या. लायनं खाटेवरून हात उंचावला, "आले, कोंबडीवाले काका आले! कोंबड्यांनो, लपा!" चिनफाच्या नंबरापुढचं लाल चुंबक निघालेलं होतं. पण त्या दिवशी समोरच्या खाटेवर एक नवा पेशंट होता. च्यांग नावाचा, चाळिशीतला, भेदरलेला, आणि त्याच्या शेजारी त्याची बायको, हातात पथ्याचा कोरा करकरीत कागद घेऊन. क्वो सिस्टरला तर नवा पेशंट म्हणजे नवं व्याख्यान.

"इकडे बघा, मिस्टर च्यांग. हे ल्याओ काका. काका, जरा मान वर करा. दिसतो ना व्रण? हे कशानं झालं माहीत आहे? जिभेनं. तीन वर्षं मी घसा फोडून सांगत होते, आणि हे रात्रीच्या बाजारात कोंबडी खात होते. घरी एवढी चांगली बायको, आणि हे चोरून खाणार! तुम्हाला असा गळा कापून घ्यायचाय?"

च्यांगनं जोरजोरात नाही म्हणून मान हलवली. चिनफा आज्ञाधारकपणे हनुवटी वर करून बसला होता. म्हातारा माणूस, गळ्यावरचा लाल व्रण सगळ्यांना दाखवत. सूलानला ते बघवेना.

"सिस्टर," ती म्हणाली. मशीनांच्या गुरगुरण्यात ते ऐकू गेलं नाही म्हणून तिनं पुन्हा हाक मारली, "सिस्टर! त्यांनी कोंबडी खाल्ली नाही. कधीच नाही. मी त्यांना सूप पाजत होते. डुकराच्या हाडांचं, सुकी मासळी घालून. इथंच, पडदा ओढून. थर्मासमध्ये पाणी नसायचं. तुमचा कागद मी वाचला होता आणि तरी पाजत होते. तुम्ही त्यांना बोलायचात तेव्हा मी इथंच उभी असायची आणि गप्प बसायची. सगळं माझ्यामुळे झालं."

सुटली एकदाची, असं तिला वाटलं. मशीनं गुरगुरत होती. क्वो सिस्टर तिच्याकडे बघत होती आणि सूलान आता तो मोठा आवाज अंगावर येईल म्हणून वाट बघत होती. येऊ दे. हवाच होता तिला.

सिस्टरचे डोळे भरून आले.

"काकू," ती चक्क हळू आवाजात म्हणाली, "काकू, किती कराल हो या माणसासाठी? आता याची चूकसुद्धा अंगावर घेणार?" मग ती हॉलकडे वळली आणि तिचा आवाज पुन्हा मोठा झाला. "ऐकलंत का सगळ्यांनी? याला म्हणतात बायको!"

"नाही, सिस्टर, खरंच... मी व्हिनेगर घालायची, चमचाभर, म्हणजे हाडं..."

"बरं, बरं, व्हिनेगर. बसा तुम्ही आधी."

"आमची बघा," लाय ओरडला, "मी आंबा खाल्ला की स्वतः येऊन तुमच्याकडे चुगली करते!" हॉल हसला, कुणीतरी पुन्हा टाळ्या वाजवल्या. सिस्टरनं सूलानला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं आणि च्यांगच्या सुयांकडे वळली.

सूलान नवऱ्याच्या कानाशी वाकली. "तू सांग. तू सांगितलंस तर ऐकतील. सांग ना, म्हाताऱ्या."

चिनफानं हनुवटी खाली घेतली. त्याचा आवाज अजून घोगराच होता, तिच्यापलीकडे कुणाला ऐकू गेला नसता. "मी सांगितलं तर म्हणतील, बघा, मेला बायकोवर ढकलतोय." मग म्हणाला, "राहू दे. मला सवय झालीय त्या नावाची."

तिला रडू कोसळलं. लपवायला पडदा होता, पण तो पडदा ओढायला आता तिचा हात होईना. ती सगळ्यांसमोर रडत बसली आणि समोरच्या खाटेवरून च्यांगची बायको उठून आली. तिनं कागदी रुमालांचं पाकीट सूलानच्या हातात दिलं, तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिचे दोन्ही हात धरले.

"मावशी," ती म्हणाली, "मला फार भीती वाटतेय. मला काहीच येत नाही यातलं. तुमच्यासारखं होणं मला जमेल का हो?"

सूलाननं हात सोडवून घ्यायला बघितले. "माझ्यासारखं नको होऊस, पोरी," ती म्हणाली. "खरंच सांगते. माझ्यासारखं अजिबात नको होऊस."

ते ऐकून त्या पोरीच्या डोळ्यांतही पाणी आलं. तिनं वळून आपल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघितलंस? एवढं सगळं करून वर बोलणं तरी किती साधं."